आम्ही फायरप्लेस पेटवतच नाही, मग धुराड्यावर खर्च कशाला?

बोस्टनपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांनी आणि त्यांच्या पतींनी तीन वर्षांपूर्वी १९५२ साली बांधलेले घर विकत घेतले. बैठकीच्या खोलीत विटांचे फायरप्लेस आहे, पण ते त्यांनी एकदाही पेटवलेले नाही. सप्टेंबरमध्ये स्वस्तात सफाई करून देण्याचे कूपन आले म्हणून एका कंपनीला बोलावले. त्या माणसाने धुराड्यात कॅमेरा सोडला, आतल्या मातीच्या नळांना तडे गेल्याचे दाखवले आणि दोन्ही धूरमार्गांना, म्हणजे फायरप्लेसच्या आणि तळघरातल्या वॉटर हीटरच्या, स्टेनलेस स्टीलचे नवे लायनर (आतून घालायची अस्तरासारखी नळी) घालण्याचे ११,४०० डॉलर सांगितले; आजच सही केली तर सवलत देतो, असेही तो म्हणाला. दुसऱ्या एका कारागिराने फक्त वॉटर हीटरच्या धूरमार्गात अॅल्युमिनियमचे लायनर घालण्याचे २,६०० डॉलर सांगितले. पतींचे म्हणणे असे की, आपण फायरप्लेस पेटवत नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कधी वाजलेला नाही, तेव्हा हे सगळे घाबरवून पैसे उकळण्याचे प्रकार आहेत. नोव्हेंबरच्या मध्यावर साताऱ्याहून सासू-सासरे चार महिन्यांसाठी येत आहेत आणि त्यांची सोय तळघरातल्या खोलीत आहे. आपण उगाच अतिकाळजी करतो आहोत का, पैसे खर्च करायचेच तर कोणत्या कामावर, आणि तोपर्यंत त्यांना येणे पुढे ढकलायला सांगावे का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी ओझरते एक वाक्य आहे: “मागच्या हिवाळ्यात बाबांचे सकाळी डोके दुखायचे, बाहेर फेरफटका मारून आले की बरे वाटायचे. आम्ही म्हटले, इथली थंडी बाधली असेल.”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी शेवटी लिहिले आहे, म्हणून मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते. घरात असताना डोके दुखणे आणि मोकळ्या हवेत गेल्यावर ते उतरणे, हे कार्बन मोनॉक्साइड शरीरात जात असल्याचे एक ओळखीचे लक्षण आहे. बाबांच्या बाबतीत तसेच घडले असेल, असे मी इथे बसून म्हणू शकत नाही. रक्तदाब असेल, हिवाळ्यात घर तापवल्यावर येणारा हवेचा कोरडेपणा असेल, झोप नीट होत नसेल. पण “थंडी बाधली” हा निष्कर्ष आपण सर्वांनी फार सहज काढला, आणि ज्या घराच्या धुराड्यात तडे सापडले आहेत त्या घरात तो तपासल्याशिवाय ठेवता येत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याची सुरुवातीची लक्षणे, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे, ही फ्लूसारखीच असतात. मोकळ्या हवेत आल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण चार ते पाच तास लागतात. म्हणून पुन्हा कधी कोणाला असा त्रास झाला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्ततपासणीत हा वायू पाहायला सांगावे. दोन दिवसांनी केलेल्या तपासणीत काही उरलेले नसते.

आता तुमच्या पतींच्या म्हणण्याकडे वळते. ते निम्मे बरोबर आहेत आणि ते निम्मे मी हलक्याने घेत नाही. पण त्यांच्या युक्तिवादाचा पाया असलेले वाक्य, “आपण फायरप्लेस पेटवत नाही, म्हणजे धुराडे वापरत नाही,” हे खरे नाही. तुमचे धुराडे रोज वापरात आहे. आंघोळीला गरम पाणी घेतले, भांडी घासली, कपडे धुतले, की तळघरातला गॅसचा वॉटर हीटर पेटतो आणि त्याचा धूर त्याच विटांच्या धुराड्यातून, शेजारच्या दुसऱ्या धूरमार्गाने वर जातो. बाहेरून धुराडे एक दिसते, आत मात्र दोन स्वतंत्र नळ्या असतात, मध्ये विटांची भिंत असते. न पेटणाऱ्या फायरप्लेसकडे पाहून आपण निश्चिंत राहतो, आणि पेटणारा विस्तव तळघरात असल्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

तो वॉटर हीटर म्हणजे आपल्या बंबाचाच भाऊबंद आहे. माझ्या आजोळी न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब असे: भोवती पाणी, मधोमध नळी, नळीत खाली विस्तव आणि वरून धूर. तुमच्या हीटरची रचना तीच आहे. टाकीच्या पोटातून जाणारी नळी, खाली गॅसची ज्योत. फरक एवढाच की, बंब अंगणात किंवा मोरीच्या तोंडाशी असे आणि त्याचा धूर आभाळात जाई. तुमचा बंब बंद घराच्या पोटात आहे आणि धूर बाहेर नेण्याचे सगळे काम धुराड्यावर सोपवलेले आहे. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. कारण तेच असते: धुराला वाट नाही आणि ज्योतीला ताजी हवा नाही.

नीट जळणाऱ्या गॅसच्या ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड फार थोडा तयार होतो, हेही सांगायला हवे, नाही तर नुसती भीती पसरेल. धोका तेव्हा वाढतो, जेव्हा धूर वर न जाता खोलीतच परत येऊ लागतो. मग ज्योतीला तीच वापरलेली हवा पुन्हा मिळते, जळण अपुरे होते आणि विषारी वायू वाढत जातो. तुम्ही लिहिले आहे की, आधीच्या मालकांनी घर तापवणारे फर्नेस बदलून नवे, जास्त कार्यक्षम बसवले आणि त्याचा धूर प्लॅस्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर काढला. पत्रात हा तपशील तुम्ही घराच्या सोयी सांगताना दिला आहे, पण माझ्या मते तुमच्या धुराड्याचे दुखणे बहुधा तिथूनच वाढले. पूर्वी फर्नेस आणि हीटर असे दोघे मिळून त्या मार्गात उष्ण धूर सोडत, मार्ग गरम राही आणि धूर झपाट्याने वर जाई. फर्नेस निघून गेल्यावर एवढ्या मोठ्या मार्गात छोटा हीटर एकटा उरला. त्यातून तुमचे धुराडे घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, तीन बाजूंनी उघडे. न्यू इंग्लंडच्या जानेवारीत ते गारठून जाते, थोडासा कोमट धूर वर चढता चढता थंड होतो आणि त्यातली वाफ आतल्या भिंतींवर पाणी होऊन बसते. हे पाणी थोडेथोडके नसते. तासाला चाळीस हजार बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) क्षमतेचा साधा हीटर दिवसभरात मिळून अडीच तास जळला, तर त्या धुरातून चार लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. रोज चार तांबे पाणी, तेही किंचित आम्लधर्मी. मातीच्या नळांचे सांधे त्याने कुरतडले जातात, ओल विटांत शिरते, हिवाळ्यात ती गोठते, फुगते आणि खापरीचे कपचे सुटतात. धुराड्याच्या तळाशी असलेल्या लोखंडी दारात तुम्हाला मातीचे चपटे, नखाएवढे तुकडे सापडले आणि माळ्यावरच्या विटांवर पांढरे मिठासारखे फूल आले आहे, असे तुम्ही लिहिता. ती ओल तिथे पोहोचल्याचीच खूण आहे. कंपनीवाल्याने दाखवलेले तडे खोटे असतील, असे मला वाटत नाही.

“अलार्म वाजला नाही” या दिलाशाचेही तसेच आहे. अमेरिकेत घरोघरी लावलेले साधे अलार्म ठरलेल्या मानकानुसार चालतात. हवेच्या दशलक्ष भागांत या वायूचे ७० भाग असतील, तर तो एक ते चार तासांनी वाजतो. ३० भागांच्या पातळीला दिवसेंदिवस वाजतच नाही, कारण तो मृत्यू टाळण्यासाठी केलेला आहे, डोकेदुखी टाळण्यासाठी नव्हे. वयस्क माणसाला, विशेषतः हृदयाचे दुखणे असेल तर, त्याखालच्या पातळीचाही त्रास होऊ शकतो. शिवाय अलार्मला आयुष्य असते, पाच, सात किंवा दहा वर्षे. ते मागच्या बाजूला छापलेले असते. घरासोबत आलेला अलार्म उतरवून ती तारीख आजच वाचा. मुदत संपली असेल, तर चाचणीचे बटण दाबल्यावर तो आवाज करील, पण आतला संवेदक निकामी झालेला असू शकेल. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर अलार्म हवा, आणि तळघरातल्या खोलीसाठी आकडा दाखवणारा, कमी पातळीही टिपणारा एक वेगळा मॉनिटर घ्यावा, अशी माझी तुम्हाला आग्रहाची सूचना आहे. लायनरच्या खर्चापुढे त्याची किंमत अगदीच किरकोळ आहे.

लायनरचा निर्णय होण्याआधी, याच आठवड्यात, एक साधी चाचणी घरी करता येते. थंडीच्या दिवशी सगळ्या खिडक्या-दारे लावून घ्या. कपड्यांचा ड्रायर, न्हाणीघरांचे पंखे आणि स्वयंपाकघरातला हवा बाहेर टाकणारा पंखा चालू करा, कारण ही सगळी यंत्रे घरातली हवा बाहेर फेकतात आणि तिची भरपाई घर जमेल तिथून, कधी धुराड्यातूनही, करून घेते. मग गरम पाण्याचा नळ सोडून हीटर पेटू द्या, पाच मिनिटे थांबा, आणि हीटरच्या माथ्यावर जिथे पत्र्याची छत्री व टाकी यांच्यामध्ये मोकळी फट असते, तिथे पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तुमच्या तोंडाकडे परत येत असेल किंवा फटीतून उष्ण दमट हवा हाताला लागत असेल, तर हीटर बंद करा, खिडक्या उघडा आणि गॅस कंपनीला किंवा परवानाधारक प्लंबरला बोलवा. गॅसचा वास येत असेल, तर अर्थातच उदबत्ती पेटवू नका. बाहेर पडून बाहेरूनच फोन करा. उदबत्तीने ‘बिघाड आहे’ एवढे कळते, ‘बिघाड नाही’ हे सिद्ध होत नाही. ते काम उपकरण घेऊन येणाऱ्या माणसाचे. आणि घरात दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी किंवा मळमळ झाली, तर कोणतीही चाचणी न करता सगळ्यांनी बाहेर पडून ९११ला फोन करावा. अग्निशमन दलाचे लोक मीटर घेऊन येतात.

आता पैशांकडे. तुमच्यासमोर दोन कोटेशने आहेत, आणि तुम्ही त्यांतून महाग किंवा स्वस्त निवडायला निघाला आहात. मला वाटते, दोन्ही कोटेशने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला माणूस विचारतो, दोन्ही मार्ग पूर्ववत कसे करायचे. दुसरा विचारतो, चालू असलेला मार्ग सुरक्षित कसा करायचा. याखेरीज तिसरा प्रश्न कोणीच विचारलेला नाही: या धुराड्यातून काही जायलाच हवे का?

तुमचा हीटर किती जुना आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. टाकीवरच्या लेबलवर तारीख किंवा तारीख काढता येईल असा क्रमांक असतो. तो दहा-बारा वर्षांचा झाला असेल, तर थोड्याच काळात बदलावा लागेल अशा यंत्रासाठी २,६०० डॉलरचे अस्तर घालणे मला पटत नाही. त्याऐवजी विजेवर चालणारा हीट पंप प्रकारचा वॉटर हीटर बसवला, तर धूरच उरत नाही आणि तो मार्ग कायमचा निवृत्त करता येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह या ऊर्जाबचतीच्या योजनेतून अशा हीटरवर सवलत मिळते. सध्याची रक्कम आणि अटी त्यांच्याकडून आधी लेखी घ्या आणि मगच खरेदी करा. पण या यंत्राच्या दोन सवयी तुमच्या घराला अडचणीच्या ठरू शकतात. ते भोवतालच्या हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवते, म्हणून तळघर थंड पडते, आणि चालू असताना पंख्याचा आवाज असतो. सासू-सासऱ्यांची खोली भिंतीपलीकडेच आहे. त्याला मोकळी जागा, बहुतेक वेळा २४० व्होल्टची जोडणी आणि सांडपाण्याची नळीही लागते. दुसरा पर्याय भिंतीतून धूर काढणाऱ्या गॅस हीटरचा. तो घ्यायचा तर बाहेरच्या तोंडाशी बर्फ साचू न देण्याची जबाबदारी घरातल्या एका माणसाने नाव घेऊन अंगावर घेतली पाहिजे. याच राज्यात, प्लिमथ गावी, जानेवारी २००५ मध्ये बर्फाने असे तोंड बुजल्यामुळे सात वर्षांची एक मुलगी कार्बन मोनॉक्साइडने दगावली. घरोघरी अलार्म सक्तीचा करणारा इथला कायदा तिच्याच नावाने, निकोलचा कायदा म्हणून, ओळखला जातो. तुमच्या नव्या फर्नेसचे पाइप आजही भिंतीतूनच बाहेर येतात, तेव्हा ही काळजी तुम्हाला तशीही घ्यायची आहे.

हीटर चार-पाच वर्षांचाच असेल, तर दुसऱ्या कारागिराचे म्हणणे रास्त आहे आणि ते काम नोव्हेंबरच्या आत सहज होण्यासारखे आहे. अॅल्युमिनियमचे लायनर अशा साध्या गॅस हीटरला चालते. लाकूड किंवा तेल जाळणाऱ्या कोणत्याही यंत्राला ते कधीही चालत नाही, हे मात्र कायम लक्षात ठेवा. माझा स्वतःचा कल, धुराडे बाहेरच्या भिंतीला असल्यामुळे, थोडे जास्त पैसे देऊन ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलकडे आणि त्याभोवती उष्णतारोधक वेष्टण घालण्याकडे आहे. अस्तराचा व्यास हीटरच्या क्षमतेला जुळणारा असावा. जेवढे मोठे तेवढे चांगले, असे इथे नसते, कारण मार्ग मोठा असणे हाच तर तुमचा मूळ आजार आहे. कारागिराला आणखी एक गोष्ट विचारा: धुराड्याचा माथा, त्यावरची टोपी आणि छपराशी असलेला पत्रा यांची दुरुस्ती या रकमेत धरली आहे का? वरून पावसाचे आणि बर्फाचे पाणी उतरत राहिले, तर नव्या अस्तराभोवतीच्या विटा खचतच राहतील. ही दुरुस्ती आधी आणि अस्तर नंतर, हा क्रम मी सोडणार नाही.

राहिले फायरप्लेस. ते आज पेटवायचे नाही, एवढे निश्चित. तडे गेलेल्या मार्गात लाकूड जाळले, तर उष्णता फटींतून विटांपलीकडच्या लाकडी चौकटीपर्यंत पोहोचू शकते, आणि धुराचे डांबरासारखे किटण पेटले, तर आतले तापमान हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्याच्या धूरमार्गाची झडप बंद करून दोरीने बांधा आणि त्यावर चिठ्ठी लावा. हौशी पाहुणा एखाद्या संध्याकाळी लाकडे रचून बसला, असे होऊ नये. पण न पेटवलेल्या मार्गात ११,४०० डॉलरमधला मोठा भाग घालण्याची घाई कोणी तुम्हाला करायला लावत असेल, तर तिथे तुमच्या पतींची शंका रास्त आहे. फक्त एक खात्री आधी करून घ्या: दोन मार्गांमधली विटांची भिंत शाबूत आहे का. ती फुटलेली असेल, तर हीटरचा धूर शेजारच्या मार्गात शिरून फायरप्लेसच्या तोंडातून बैठकीत उतरू शकतो, आणि मग पहिल्या कंपनीच्या बोलण्याला आधार मिळतो. हीटरच्या मार्गात सलग अस्तर घातले की, ही वाटही बंद होते.

फायरप्लेस खरोखर हवे आहे का, हे घरात बसून शांतपणे बोला. हवे असेल, तर एक गोष्ट माहीत असू द्या. उघड्या फायरप्लेसच्या मार्गाचे क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण दहावा ते बारावा भाग असावे लागते. तुमचे तोंड छत्तीस इंच रुंद आणि अठ्ठावीस इंच उंच, म्हणजे १,००८ चौरस इंच. त्याला किमान ८४ चौरस इंचांचा मार्ग हवा. आठ इंची गोल लायनरचे क्षेत्रफळ पन्नास चौरस इंच, दहा इंचीचे अठ्ठ्याहत्तर. म्हणजे बारा इंची लायनर लागणार, आणि ते बसवायला आतले मातीचे नळ यंत्राने फोडून काढावे लागण्याची शक्यता मोठी. पहिल्या कोटेशनमध्ये फायरप्लेसला आठ इंची लायनर लिहिले आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. हा हिशेब त्या माणसासमोर ठेवा आणि उत्तर ऐका. तसे लायनर घातले, तर पेटवल्यावर धूर बैठकीत येईल. विस्तवाची ऊबच हवी असेल, तर फायरप्लेसमध्ये बसणारी बंद लोखंडी शेगडी घेणे हा जास्त समजूतदार मार्ग आहे. तिला बहुधा सहा इंची स्टेनलेस लायनर पुरते आणि उष्णता घरात राहते. हा निर्णय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबला, तरी काही बिघडत नाही.

कारागीर निवडताना “आजच सही करा” हे शब्द ऐकू आले की, सही न करता दार लावून घ्यावे. सावकाश तिसऱ्या माणसाला बोलवा, जो तपासणीचे वेगळे पैसे घेतो आणि ज्याला काम मिळालेच पाहिजे अशी गरज नाही. चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाचे प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे का, ते पाहा. ‘दुसऱ्या पातळीची तपासणी’ हे शब्द वापरून मागणी करा. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या मानकात कॅमेऱ्याने होणाऱ्या तपासणीचे हेच नाव आहे, आणि घराची मालकी बदलताना ती व्हायला हवी, असे तेच मानक सांगते. तीन वर्षांपूर्वी तुमच्या वेळी ती झाली नाही, ती आता करून घ्या. चित्रफीत तुमच्याच धुराड्याची आहे, हे कळण्यासाठी कॅमेरा तुमच्या फायरप्लेसच्या तोंडापासून वर जाताना सलग दिसला पाहिजे, आणि ती फीत तुम्हाला मिळाली पाहिजे. या राज्यात १,००० डॉलरवरच्या अशा घरकामाचा करार लेखी असावा लागतो, कंत्राटदार राज्याकडे नोंदलेला असावा लागतो, आणि खास मागवलेल्या मालाची बाब सोडली, तर आगाऊ रक्कम एकतृतीयांशापेक्षा जास्त मागता येत नाही. घरी बसून सही केली असेल, तर तीन कामकाजी दिवसांत करार रद्द करण्याचा हक्कही तुम्हाला आहे. गावच्या इमारत विभागाचा परवाना कोण काढणार, तेही करारात लिहून घ्या. गॅसच्या हीटरला हात लावणारा माणूस परवानाधारक प्लंबर किंवा गॅसफिटरच हवा.

सासू-सासऱ्यांना येणे पुढे ढकलायला सांगू नका. अजून वेळ आहे, आणि हीटरचे काम एक-दोन दिवसांचे असते. तोपर्यंत ते उरकले नाही, तर त्यांचे अंथरूण वरच्या मजल्यावर घाला, मुले एक महिना बैठकीत झोपतील. मात्र त्यांच्यापासून हे लपवू नका. “बाबा, तळघरातल्या बंबाची नळी खराब झाली आहे, दुरुस्त करतो आहोत, तोपर्यंत वर झोपा,” एवढे सांगितले, तर साताऱ्यात बंब आणि गिझर दोन्ही पाहिलेल्या माणसाला ते तुमच्या-माझ्याआधी कळेल. आणि त्यांना विचारा, डोके नेमके कोणत्या दिवसांत दुखायचे. सासूबाईंनाही त्रास होत होता का. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर दुखणे वाढायचे का. मागच्या वर्षी हे कोणी विचारले नाही. भारतातून निघण्यापूर्वी त्यांनी डॉक्टरांना दाखवून रक्तदाब आणि हृदयाची तपासणीही करून घ्यावी, म्हणजे दुसरे कारण असेल, तर ते धुराड्याच्या गडबडीत मागे पडणार नाही.

पतींशी बोलताना “मी सांगत होते” इथून सुरुवात करू नका. दोघे मिळून तळघरात जा, ते तळाचे लोखंडी दार उघडा, खापरीचे कपचे हातात घेऊन पाहा, आणि उदबत्तीची चाचणी त्यांनाच करू द्या. तुम्ही भीतीपोटी बोलत आहात, असे त्यांना वाटते. धूर कोणत्या दिशेला जातो, हे डोळ्यांनी दिसल्यावर तो वाद उरत नाही. काम पूर्ण झाल्यानंतर पहिल्या कडाक्याच्या थंडीत, ड्रायर आणि पंखे चालू ठेवून, तीच चाचणी पुन्हा करा, आणि तारीख हीटरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. दर वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात हे करायचे ठरवले, तर उदबत्ती घरात असतेच.